कळपाचं पहिलं फूल

बासिलिया आलांकायला स्वस्थ बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं. आमच्या वेगा चिका गावात असा माणूस सापडायचा नाही. बाई जेवायची ती उभ्यानं. देवळात गेली तर दारापाशीच उभी राहायची आणि पाद्र्याच्या तोंडून शेवटचं 'आमेन' निघायच्या आत बाहेर पडलेली असायची. पायाला भिंगरीच लागलेली, दुसरं काय! तिच्या नवऱ्याला, निकासियोला, कुणी मानानं 'दोन्या' लावून विचारलं, "काय हो, दोन्या बासिलिया घरात आहे का?" तर तो मीठ फोडायची कुऱ्हाड बाजूला ठेवून म्हणायचा, "घरात तिची टोपी आहे. टोपीशी बोलायचं असेल तर बोला."

जन्मली तीसुद्धा घाईतच. आई लोकरीच्या लामांचा कळप घेऊन डोंगराकडे गेलेली, घरी पोचेपर्यंत दम कुणाला होता? दगडाच्या आडोशाला ही बाहेर आली. पुढं चालायला लागली ती थांबलीच नाही. बापामागून खाली गरम मुलखात ऊसतोडीला गेली. मग जिल्ह्याच्या शहरात एका घरी कामाला राहिली. मालकीण सारखी म्हणायची, "बाई गं, तुला बघून मला चक्कर येते, दोन घटका बस." एके सकाळी ती त्या घरातून निघाली आणि रिकाम्या परत जाणाऱ्या मिठाच्या ट्रकात चढली. ट्रकात रिकाम्या पोत्यांवर एक तरुण बसला होता, डोळे सोडून सगळं तोंड फडक्यानं बांधलेला. डोंगर चढून पठारावर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. इतका स्वस्थ माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं त्याच्याशीच लग्न केलं. खरं सांगायचं तर लग्न नंतर. पाद्री वर्षातून एकदा वर येतो, बासिलिया कसली थांबतेय! तो आला तेव्हा पोरगी अंगणात रांगत होती.

निकासियो मिठाचा माणूस. पांढऱ्या सपाटीवर लांबट खड्डे खणायचे, खालून खारं पाणी वर येतं, ते उन्हात सोडून द्यायचं आणि मीठ धरायची वाट बघायची. आमच्याकडे मीठ काढतात असं कुणी म्हणत नाही, मीठ पिकतं म्हणतात. वाट बघण्याचं काम असल्यामुळे ते निकासियोला फार मानवलं. फक्त त्या पांढऱ्या झळीनं त्याचे दोन्ही डोळे खाल्ले. पन्नाशीत त्याच्या बुबुळांवर सायीसारखा पडदा आला आणि बायको त्याला चेहऱ्यानं नाही, पावलांच्या आवाजानं कळू लागली. "तो आवाज थांबतच नाही," तो म्हणायचा, "म्हणून हरवत नाही."

आणि बासिलिया लामांची बाई. मिठाच्या कडेला जिथं डोंगर संपतो तिथं आमची वेगा आहे, म्हणजे पाणथळ. गावाचं नावच तिच्यावरून. जमिनीतून गोडं पाणी पाझरतं, मऊ हिरवळ धरते, आणि हिवाळ्यात बाकी सगळा मुलूख भाजल्यासारखा तपकिरी झाला तरी ती हिरवी राहते. गोडं पाणी इकडे, खारं पाणी चार पावलांवर तिकडे, दोन्ही जमिनीखाली एकमेकांना टेकून. बासिलिया रोज सकाळी कळप सोडायच्या आधी तिथं जायची आणि झऱ्याच्या तोंडाशी हात बुडवून बघायची. मनगट भिजलं की मगच तिचा दिवस सुरू व्हायचा.

तर अशा आमच्या गावात कंपनी आली.

कंपनीचं नाव लांबलचक होतं आणि मधूनमधून बदलायचं, आम्ही नुसतं कंपनी म्हणायचो. मिठाखालच्या पाण्यात लिथियम आहे, त्यातून जगभरच्या मोटारींच्या बॅटऱ्या होतात, त्या मोटारी धूर सोडत नाहीत, म्हणजे पृथ्वीचं भलं, असं त्यांनी आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. आमच्या गावात मोटार एपिफानियोची एकच, तीही ढकलावी लागते. खारं पाणी उपसायला विहिरी पाडायच्या होत्या आणि पहिली विहीर नेमकी वेगाच्या कडेला. त्याला गावाची संमती हवी. आणि आमच्याकडे संमती हात मोजून ठरत नाही. एकेक घर बोलतं. एक घर जरी 'नाही' म्हणालं तरी सगळ्यांनी पुन्हा बसायचं. घर बोलल्याशिवाय सभेतून कुणी उठायचं नाही.

लोकांशी गोड बोलायला कंपनीनं लिसान्द्रो नावाचा एक तरुण पाठवला. तुकुमानकडचा, लिंबांच्या बागांच्या मुलखातला. पहिल्या आठवड्यात उंचीवरच्या विरळ हवेनं त्याची दातखीळ बसायची वेळ आली. त्यावर उतारा म्हणून दिलेली कोकाची पानं गालात धरून ठेवायची सोडून हा बाबा शेळीसारखा चावून गिळायचा, बायका तोंडाला शाल लावून हसायच्या. पण पोरगं चांगलं होतं, हे त्याच्या वैऱ्यालाही म्हणावं लागेल. म्हाताऱ्यांची गाठोडी गाडीत घ्यायचा, नावं लक्षात ठेवायचा आणि एखादी गोष्ट माहीत नसली की कान लाल व्हायचे त्याचे.

आता बासिलियाच्या हातून झालेली चूक सांगतो. पाऊसकाळात, कार्निव्हलच्या दिवसांत, आम्ही कळपाला फुलं बांधतो. रंगीत लोकरीचे गोंडे, कानात ओवायचे. एक तरुण मादी आणि एक नर घोंगडीवर शेजारी निजवायचे, त्यांचं लग्न लावायचं, तोंडाला चिचा, म्हणजे मक्याची दारू, लावायची, आणि नवरीच्या कानात जो पहिलं फूल बांधेल तो त्या घराचा कोम्पाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं. कोम्पाद्रेशी भांडता येत नाही. त्यानं मागितलं तर नाही म्हणता येत नाही, आणि दोघांनी एकमेकांशी खोटं बोलायचं नाही. म्हणून लोक कोम्पाद्रे निवडताना जावई निवडण्याहून जास्त विचार करतात.

त्या वर्षीचं फूल बासिलियाचा दीर एपिफानियो बांधणार होता. सगळे गोठ्यात जमले, नवरा-नवरी घोंगडीवर आडवे, चार जण त्यांचे पाय धरून बसलेले, आणि एपिफानियोचा पत्ता नाही.

"हा मेला कुठं?" बासिलिया गोठ्यात येरझारा घालत म्हणाली.

"येईल," निकासियो म्हणाला.

"येईल, येईल! वर ढग बघ कसे आलेत. लोकर भिजली की रंग उतरेल. वर्षभर माझा कळप फिका हिंडेल."

"थांब की जरा."

"तूच थांब. तुला सवय आहे."

दगडी भिंतीपाशी लिसान्द्रो उभा होता. सणाची भेट म्हणून शेवयांचं खोकं घेऊन आलेला, कुठं ठेवावं ते न कळून कवटाळून उभा. बासिलियाची फेरी त्याच्यापाशी आली आणि थांबली.

"ए पोरा, खोकं ठेव खाली. हात पुसलेस का? हे धर. तिच्या कानात ओव आणि गाठ मार. घट्ट!"

त्यानं बिचाऱ्यानं ओवलं, जीभ दातांत धरून गाठ मारली. मान वर करतो तर गोठा चिडीचूप. गावची प्रमुख देल्मिरा, बासिलियाची चुलतबहीण, चिचाचा पेला ओठापाशी नेऊन तशीच राहिली. निकासियोनं टोपी काढली. दिसत नसलं तरी त्याला कळलं होतं.

"बासिलिया," तो हळूच म्हणाला, "अगं, काय करून बसलीस हे?"

"फूल बांधून घेतलं. कुणीतरी बांधायचंच होतं ना?" ती म्हणाली खरी, पण तिचेही कान तापले.

तेवढ्यात एपिफानियो आला, दोन्ही काखांत बाटल्या, गाणं म्हणत. नवरीच्या कानाकडे बघून त्याचं गाणं विझलं. "मग मी आता कोण?"

"तू उशिरा आलेला दीर," बासिलिया म्हणाली आणि पेला भरून लिसान्द्रोपुढं केला. "घ्या कोम्पाद्रे, आधी तुम्ही घ्या."

घटकेपूर्वी 'ए पोरा' होता, आता 'तुम्ही' झाला. तो हसला. त्याला वाटलं, सणातला काहीतरी खेळ असेल. नवरी त्याच्या नावची झाली, तिचं नाव त्यानं लिमोना ठेवलं आणि तिचा फोटो आईला पाठवला.

खेळ नव्हता हे त्याला हळूहळू कळत गेलं, आणि कळल्यावर त्यानं अंग काढलं नाही, हेच तर दुखणं! तो दर रविवारी गोठ्यात यायचा, लिमोनाला मीठ चाटवायचा, कोमाद्रेच्या, म्हणजे बासिलियाच्या, हातचं तापले दगड टाकून उकळलेलं मक्याचं सूप घाम पुसत प्यायचा. एकदा आपल्या सुट्टीत तो निकासियोला खाली तुकुमानला घेऊन गेला, स्वतःच्या आईच्या घरी ठेवला आणि तिथल्या दवाखान्यात त्याच्या उजव्या डोळ्यावरचा पडदा काढून आणला. कंपनीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. निकासियो परतला, अंगणात उभा राहिला, आधी पांढऱ्या सपाटीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"म्हातारी झालीस की गं."

"आणि तू रे? तू काय दुकानाच्या फळीवर ठेवला होतास?" असं म्हणून ती घरामागं गेली आणि शालीत तोंड खुपसून रडली. उभ्यानंच.

हिवाळ्याच्या मध्याला, म्हणजे आमच्याकडे जुलैत, लिसान्द्रो एका आडवारी आला. लिमोनाकडे गेला नाही, सरळ चुलीपाशी आला.

"कोमाद्रे, एक मागायचं होतं."

"मागा."

"ऑगस्टच्या सभेत विहिरीला तुम्ही हो म्हणा." त्याची मान वर होत नव्हती. "मी आपण होऊन मागितलं नसतं. साहेबांना कुठून तरी फुलाचं कळलं. म्हणाले, मग काय, बाकीची घरं तयारच आहेत, तुझ्या कोमाद्रेचं तेवढं तू बघ. माझं कंत्राट त्याच्यावर अडलंय. बायकोला दिवस गेलेत."

बासिलियानं चुलीवरचं भांडं उतरवलं. ती कळप आत घालायला बाहेर गेली. कळप कधीचाच आत होता.

त्या दिवसापासून बाईच्या जिवाला थारा नाही. आधी नुसते पाय फिरायचे, आता डोकंही फिरायला लागलं. सकाळी झऱ्यात हात बुडवायची ती मनगट भिजलं तरी काढायची नाही, आणि काढला की दोन पावलांवरून परत. सूत कातायला घ्यायची, चाती टाकून द्यायची. विहीर पडली आणि गोडं पाणी खाली उतरलं तर? कळपाला नेणार कुठं? आणि कोम्पाद्रेला नाही म्हणायचं तर तोंड कुठं लपवायचं? माझाच उतावळेपणा मेला! घटकाभर दम धरला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? लोकरीचा रंग उतरला असता, एवढंच ना!

"तूच सांग काय करू," ती निकासियोला म्हणाली. "डोळा त्यांनी दिलाय."

"डोळा मला दिलाय. फूल तू बांधून घेतलंस."

"मग तू नाही म्हण सभेत."

"घर एकच आहे ना आपलं? मी नाही म्हटलं काय आणि तू म्हटलं काय." मग म्हणाला, "पण वेगा सुकली तर हा डोळा बघणार काय? धूळच ना?"

देल्मिरा वेगळंच बोलायची. ती वाईट बाई नव्हे. "माझी दोन्ही पोरं खाली लिंबं तोडतात," ती वेगाच्या कडेला बासिलियाला गाठून म्हणाली. "वर काम आलं तर परत येतील. शाळेत बघ, बाकं जास्त आणि मुलं कमी. तुझ्या लामा हिरव्यात चरतील गं, पण त्यांच्यामागं जायला माणूस कुठं उरलाय? तुझी पोरगी येणार आहे का शहर सोडून?"

बासिलिया कळपामागं चालायला लागली. खरंच होतं ते.

एक ऑगस्टला आम्ही जमिनीला जेवू घालतो. गोठ्यातला तोच खड्डा दरवर्षी उघडायचा, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी जेवण सोडायचं, चिचा ओतायची, कोकाची पानं ठेवायची, मग माती लोटायची. खड्डा उघडा असताना कुणी खोटं बोलत नाही. बासिलियानं कोम्पाद्रेला बोलावलं आणि निकासियोला म्हणाली, "तू जरा चुलीकडे बघ." दोघंच खड्ड्यापाशी बसले. होय, बसले. बाई गुडघे टेकून बसली.

लिसान्द्रोच्या ओंजळीत उकडलेले बटाटे आणि मका होता.

"कोम्पाद्रे, विहीर पडली तर वेगाचं पाणी राहील?"

"अहवालात लिहिलंय, काही परिणाम—"

"अहवाल जेवायला नाही आलेला. तुम्ही आलात. तुमचं सांगा."

त्याचे कान लाल झाले. ओंजळ खड्ड्यावर तशीच धरलेली, बोटांमधून मक्याचे दाणे गळत होते.

"माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "मला माहीत नाही, कोमाद्रे. त्यांनाही नाही. वेगात कुणी मोजलेलंच नाही. पाणी मोजायची नळी तिकडे घातलीय, पार मिठाच्या मधोमध."

त्यानं ओंजळ सोडली. बासिलियानंही सोडली. माती लोटताना तिच्या मनात आलं, आत्ताच म्हणावं, हेच सभेत बोला. कोम्पाद्रे नाही म्हणू शकत नाही. शब्द ओठांवर आला होता तिच्या. मग तिला त्याची बायको आठवली, जिला तिनं पाहिलंही नव्हतं, आणि निकासियोला आपल्या घरी ठेवून रोज सूप भरवणारी त्याची आई आठवली. जन्मात पहिल्यांदा तिनं ओठांवर आलेला शब्द गिळला. फार कडू लागला तो. घरी येऊन तिनं उगाच सगळी भांडी पुन्हा घासली.

सभा शाळेच्या अंगणात भरली. कंपनीचे साहेब राजधानीतून आले होते, गळ्याभोवती नवीकोरी आमची लोकरी शाल. लिसान्द्रो त्यांच्या मागं उभा. घरं बोलू लागली. कुणी 'हो' म्हणालं, कुणी 'सगळ्यांचं ते आमचं' म्हणालं. एपिफानियो म्हणाला, "हो, पण मला ड्रायव्हर करा," आणि सगळे हसले. देल्मिरानं 'हो' म्हणताना पोरांची नावं घेतली. मग तिनं बासिलियाकडे बघितलं. "आलांकायचं घर?"

बासिलिया बाकावर बसली होती. ती बोलली नाही.

"दोन्या बासिलिया?"

नाही बोलली. साहेब हसले, घड्याळाकडे बघितलं. वारा सुटला, धूळ आली, साहेबांनी लावलेल्या पडद्यावरचं चित्र हलायला लागलं. कुणाचं तान्हं रडलं, आईनं तिथंच पाजलं. सावली शाळेच्या भिंतीवरून उतरून अंगणात आली. कुणीतरी सूप आणलं, लोकांनी बसल्या जागी प्यायलं. एपिफानियो घोरायला लागला. घर बोलत नाही तोवर उठायचं नाही, नियम म्हणजे नियम. आणि सगळ्यांत नवल म्हणजे बासिलिया बसली होती! पाय पळायला बघत होते तिचे, दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले होते, पण बाकावरून हलली नाही. लोकांना वाटलं, काय डाव टाकलाय बाईनं! डाव कसला? नंतर तिनंच सांगितलं, "अरे, घशातून 'हो' निघत नव्हतं आणि 'नाही'ही निघत नव्हतं. मी काय शहाणपणानं गप्प होते? अडकले होते मी."

"लिसान्द्रो," साहेब दबक्या आवाजात म्हणाले, पण ऐकू आलं सगळ्यांना, "जा ना, बोल तुझ्या त्या कोमाद्रेशी."

लिसान्द्रो पुढं आला. बासिलियासमोर उभा राहिला. तिनं वर बघितलं आणि मान हलवली. नको म्हणून. हे आम्ही पहिल्या रांगेतल्यांनी पाहिलंय, ती नको म्हणत होती त्याला. त्यानं टोपी काढली आणि लोकांकडे वळला.

"कोमाद्रे बोलणार नाहीत. माझ्यासाठी गप्प आहेत त्या," तो म्हणाला. "वेगाचं पाणी राहील की जाईल, आम्हाला माहीत नाही. 'परिणाम नाही' असं लिहिलंय ते वेगात न मोजता लिहिलंय. नळी मी स्वतः उभा राहून दुसरीकडे घालून घेतली होती. एवढंच."

एपिफानियो जागा झाला आणि "काय झालं? काय झालं?" म्हणाला.

"गाडीत जाऊन बस," साहेब म्हणाले.

तो गेला. आत नाही बसला, मागं उघड्यावर सामानात बसला. बासिलिया उठली तोवर गाडी सुरू झाली होती. ती मागं धावली, मिठाच्या कडेपर्यंत धावली, पण धुळीला काय धरता येतं? परत आली तेव्हा सगळे अजून बसलेलेच होते.

"आता बोल," देल्मिरा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"नाही," बासिलिया म्हणाली.

मग पुन्हा सगळी घरं बोलली. आधी वेगात मोजा, मग या, असं ठरलं. पण कंपनी कसली मोजतेय! ती मिठाच्या पलीकडच्या गावी गेली, तिथल्यांनी हो म्हटलं. तिकडे यंत्रं लागली, सकाळी वारा इकडचा असला की घरघर ऐकू येते. जमिनीखालचं पाणी काय, या गावाचं त्या गावाला थोडंच वेगळं आहे? बासिलियानं झऱ्याच्या तोंडाशी एक काठी रोवली आणि रोज तिची ओली रेघ बघू लागली. कधी वाटायचं रेघ तिथंच आहे, कधी वाटायचं नखभर उतरली. काठी खोटं बोलते म्हणून तिनं दुसरी रोवली.

देल्मिरा तिच्याशी बोलेना. लिसान्द्रोचा फोन लागेना. "त्या पोराचं मी वाटोळं केलं," बासिलिया निकासियोला म्हणायची. "आधी फूल हातात दिलं म्हणून, मग तोंड मिटलं म्हणून." निकासियो म्हणायचा, "तू मान हलवलीस, मी पाहिलं." "मग त्यानं ऐकलं का नाही?" "कोम्पाद्रे आहे तो, नोकर नाही तुझा." एवढं ऐकलं की ती उठून चालायला लागायची.

पाऊसकाळ भरात असताना देल्मिरा आपण होऊन गोठ्याशी आली. भिंतीबाहेरूनच बोलली. "माझ्या थोरल्याचा फोन आला होता. तुझा कोम्पाद्रे त्यांच्याच बागेत आहे. लिंबं तोडतो. मुलगी झालीय."

बासिलियानं भिंतीचा दगड घट्ट धरला. "हात कसे आहेत म्हणाला त्याचे?"

"लिंबाच्या काट्यांनी जसे होतात तसे."

"त्याला सांगायला सांग, लिमोना व्याली. पिल्लू पांढरं आहे. कार्निव्हलला या म्हणावं. पहिलं फूल तुमच्याच हातानं."

"येईल का गं तो आता?" देल्मिरा म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले. रागावलेली होती, दगड नव्हती.

कार्निव्हलच्या त्या दिवशी एपिफानियो सगळ्यांच्या आधी हजर. दाढी केलेली, हात धुतलेले. "यंदा मी वेळेवर आलोय हां," तो सगळ्यांना सांगत होता. यंदा नवरीच्या जागी पिल्लू घोंगडीवर, पाय धरलेले, चिचा ओतलेली. बासिलिया भिंतीपाशी उभी, हातात लाल लोकर.

"चला, सुरू करा," लोक म्हणाले.

"थांबा."

"अहो दोन्या, ढग आलेत."

"येऊ देत."

"रंग उतरेल."

"उतरू दे!" ती खेकसली. "बसा खाली सगळे. मी थांबलेय ते दिसत नाही का?"

पिल्लू कंटाळून झोपलं. पहिले चार थेंब पडले. तालुक्याची बस यायची वेळ होऊन गेली होती आणि डांबरी रस्ता गोठ्यापासून इतका लांब, की आमच्यापैकी कुणाला तिथं नुसती पांढरी झळ दिसत होती. एपिफानियोनं हळूच हात पुढं केला. "वहिनी, आता देऊन टाका लोकर. नाही येत तो."

निकासियो भिंतीवर चढून उभा होता. डावा डोळा हातानं झाकलेला, उजवा रस्त्याकडे.

"बस थांबलीय," तो म्हणाला.

"कोण उतरलं?"

"बाई आहे एक. कडेवर गाठोडं. नाही, गाठोडं नाही, मूल आहे."

"आणि?"

"आणि एक माणूस. दर दहा पावलांवर थांबतोय, दम लागल्यासारखा. इथला नाही तो."

पुढं काही ऐकायला बासिलिया होतीच कुठं? एवढा वेळ थांबली होती, पुष्कळ झालं. हातातली लाल लोकर तशीच घेऊन ती भिंत ओलांडून गेली, टोपी मागं पडली, आणि साठीला आलेली बाई भर पावसात त्या पांढऱ्या सपाटीवरून रस्त्याच्या दिशेनं पळत सुटली. आम्ही पिल्लाचे पाय धरून बसून राहिलो.